मागून चालणारी

मंदाताईंचा फोन आला तेव्हा मी वारज्याच्या घरी गवार मोडत बसले होते. मंदाताई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सरोजताईच्या शेजारीण. नाना पेठेत भिंतीला भिंत लागून घर, महापालिकेतून निवृत्त झालेल्या, आणि बोलायला अतिशय मोजक्या. त्यांनी मला आयुष्यात तीनदाच फोन केला. पहिल्यांदा आई हरवली म्हणून, दुसऱ्यांदा आई गेली म्हणून, आणि सहा आठवड्यांपूर्वी हा तिसरा. ‘‘सरोज दार उघडत नव्हती. माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. या तुम्ही.’’ कशी आहे, हे विचारायची संधीसुद्धा त्यांनी मला दिली नाही, आणि ते बरंच केलं. मी रिक्षा केली. गेली अकरा वर्षं नाना पेठेत फारसं न जाण्याचं माझं एक ठरलेलं कारण होतं... ‘‘स्वारगेटला बस बदलावी लागते गं, सगळा दिवस मोडतो.’’ त्या सकाळी रिक्षानं मला पस्तीस मिनिटांत पोचवलं.

ताई पलंगावर उजव्या कुशीवर होती. चष्मा उशाशी घडी करून ठेवलेला. झोपेतच गेल्या, हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मंदाताईंनी सांगितलं की पंधरा दिवसांपूर्वी तिच्या छातीत दुखलं होतं, दवाखान्यात चल म्हटलं तर पित्त झालंय म्हणाली. ‘‘तोच पहिला झटका असणार,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘घरच्यांना काही बोलल्या नाहीत?’’ घरचे म्हणजे मी आणि लोणी काळभोरहून गाडीनं आलेला माझा भाऊ अशोकदादा. आम्ही दोघांनी खाली पाहिलं. नंतर मी आणि मंदाताईंनी तिला आंघोळ घातली, पांढरी साडी नेसवली. तेव्हा तिच्या डाव्या मनगटाभोवती एक काळसर, राठ झालेला पट्टा दिसला. घड्याळाचा असेल म्हणून मी त्यावर बांगडी ओढली. ताईनं कित्येक वर्षांत घड्याळ घातलं नव्हतं, हे मला दोन दिवसांनी आठवलं.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आमच्यात धर्मगुरूला पाळक म्हणतात, चर्चमध्ये जमणाऱ्यांना मंडळी म्हणतात, आणि प्रवचनात मंडळीचा हमखास कळप होतो. आमचे सध्याचे पाळकसाहेब तरुण आहेत, सहा महिन्यांपूर्वी आले. त्यांनी ताईला जिवंतपणी पाहिलेलं नव्हतं. दफनविधीच्या आधी कार्यालयातल्या लेखनिकानं सभासदांची वही काढली आणि बराच वेळ बोट फिरवत बसला. मग म्हणाला, ‘‘सरोजबाईंचं नाव दिसत नाही.’’ सलग गैरहजर राहणाऱ्यांची नावं मागे एकदा कमी केली होती, त्यात तिचंही गेलेलं. त्या कमिटीवर अशोकदादा होता. सही त्याचीही होती. तो चष्मा पुसत म्हणाला, ‘‘अहो, राहून गेलं असेल, घाला आता.’’ आणि लेखनिकानं ते घातलं. अर्ध्या तासानं पाळकसाहेब शवपेटीपाशी उभे राहून म्हणाले की आपल्या कळपातलं एक विश्वासू मेंढरू आज मेंढपाळाच्या कुशीत गेलं आहे. माझ्या शेजारी बसलेल्या मंदाताईंनी, त्या बौद्ध, त्यांचा या मेंढरांशी काही संबंध नाही, मला हळूच विचारलं, ‘‘हे सरोजबद्दलच चाललंय ना?’’

मेंढपाळ म्हणजे काय हे आमच्या घरात ताईला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. आमचे आजोबा, बापू, नगरकडच्या एका खेड्यात राहायचे. उन्हाळ्यात त्यांच्या वावरात धनगर मेंढरं बसवायला यायचे, म्हणजे चार-सहा दिवस कळप शेतातच मुक्कामाला, खत आपोआप पडतं. ताई तेव्हा बारा वर्षांची, मी सात. मी लेंड्यांच्या वासानं नाक धरून ओट्यावर बसायची आणि ताई दिवसभर त्या धनगरणीच्या मागे मागे. संध्याकाळी परतायची ती प्रश्न घेऊन. रविवारच्या शाळेत भिंतीवर एक चित्र होतं, त्यात शुभ्र झग्यातला मेंढपाळ पुढे चालतो आणि स्वच्छ धुतलेली मेंढरं आज्ञाधारकपणे मागे. आणि इथे तर तो मळक्या घोंगड्यातला माणूस कळपाच्या शेवटी, धुळीत. ताईनं धनगरणीला विचारलं की तुम्ही पुढे का नाही चालत. ती लंगडणाऱ्या कोकराचा पाय चोळत होती. म्हणाली, ‘‘म्होरं चालनाऱ्याला मागं कोन ऱ्हायलं ते कसं दिसंल, पोरी?’’

सुट्टी संपल्यावर ताईनं रविवारच्या शाळेतल्या बाईंना सांगितलं की हे चित्र चुकलंय, मेंढपाळ मागून चालतो, मेंढरांना तो दिसतच नाही. बाईंनी तिला बाकावर उभं केलं. पण ताईच्या मनात देव तेव्हापासून जो मागे गेला तो कायमचा. तो दिसत नाही, बोलत नाही, पण मागे आहे, राहिलेल्यांना उचलतोय, असं तिचं साधं गणित होतं. माझं गणितही साधं होतं. मागून चालणारा आहे की घरी निघून गेलाय, हे मेंढराला कळायला काही मार्ग नाही.

ताईनं लग्न केलं नाही. का, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्ही फार विचारलंही नाही, कारण आईजवळ कुणीतरी राहायला हवंच होतं. ती एका शाळेच्या कार्यालयात लेखनिक होती. आई विसरायला लागली तेव्हा ताई एक्कावन्न वर्षांची. आधी आई मीठ दोनदा घालायची, मग गॅस चालू ठेवायला लागली, मग एके दिवशी तिनं ताईला विचारलं, ‘‘बाई, तुम्ही कुणाकडे आलात?’’ आम्ही तिघं भावंडं जमलो. आळीपाळीनं सांभाळायचं ठरलं, चार-चार महिने. अशोकदादानं ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं, त्याला लिहून घ्यायची आवड आहे. ताईनं नोकरी सोडली आणि पहिले चार महिने घेतले. मग आई माझ्याकडे वारज्याला आली. नवव्या दिवशी तिनं माझ्या पाहुण्यांसमोर हॉलमध्ये नेसलेलं पातळ सोडलं. दहाव्या दिवशी सकाळी मी तिला रिक्षात घालून नाना पेठेत परत आणून सोडलं. ताईला म्हटलं, ‘‘तिला तिकडे करमत नाही गं, तुझीच सवय आहे.’’ ताईनं आईच्या हातातली पिशवी घेतली. अशोकदादाची पाळी आलीच नाही. लोणीला त्याच्या घराला जिना होता, आणि आईचे गुडघे दुखायचे, हे त्याला फार वाटायचं.

आमच्या मंडळीत दर रविवारी आजाऱ्यांच्या चिठ्ठ्या देतात. उपासनेच्या आधी दाराशी पेटीत टाकायच्या, पाळकसाहेब एकेक नाव वाचतात, सगळे डोळे मिटतात. आईच्या नावाची चिठ्ठी अकरा वर्षं वाचली गेली. ती ताई लिहायची, तिच्या गोल, सुबक अक्षरात, महिन्या-दोन महिन्यांच्या एकदम, आणि मी किंवा अशोकदादा ती पेटीत टाकायचो. ताई स्वतः येऊ शकायची नाही, आईला कुणावर सोडणार? आई गेल्यानंतरही तीन रविवार तिचं नाव आजाऱ्यांत वाचलं गेलं, कारण कार्यालयातल्या यादीत ते सवयीनं राहिलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही चौथ्या रविवारी आलं. पण त्या अकरा वर्षांत त्या चिठ्ठीवर ताईनं स्वतःचं नाव एकदाही लिहिलं नाही. आणि मी ती चिठ्ठी स्वारगेटपासून हातात घेऊन जाणारी, पर्समध्ये पेन असलेली बाई, माझ्याही हातून ते कधी लिहिलं गेलं नाही.

चौथ्या वर्षी आई हरवली. आई रात्रभर जागायची आणि ताईलाही जागवायची, त्यामुळे दुपारी तिचा डोळा लागायचा. तशी एका दुपारी ताई झोपली, आणि आई कडी काढून बाहेर पडली. मंदाताईंनी मला फोन केला तो तेव्हा. आई तीन तासांनी भाजी मंडईजवळ एका पायरीवर सापडली, अनवाणी, पदरात कुणीतरी दिलेली दोन केळी. मी आणि अशोकदादा पोचेपर्यंत ताईनं तिचे पाय धुऊन पुसले होते. आम्ही दोघांनी तिला काय काय सुनावलं... अशोकदादा म्हणाला, ‘‘एक काम आहे तुला, एकच. तेही झोपून?’’ मी म्हणाले, ‘‘गाडीखाली आली असती म्हणजे?’’ ताई म्हणाली, ‘‘चुकलं माझं.’’ मंदाताई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्यापैकी कुणी आज राहणार आहे का? म्हणजे सरोजला झोपता येईल.’’ त्यांच्या बोलण्याला आमच्याकडे तुसडेपणा म्हणायची पद्धत होती. आम्ही दोघंही अंधार पडायच्या आत घरी गेलो.

त्यानंतर महिन्याभरानं मी गेले, कधी नव्हे ती दुपारची. दार मंदाताईंनी उघडलं. आत आई तिच्या पलंगावर, ताई खाली सतरंजीवर, दोघी झोपलेल्या. आणि जुन्या पातळाची एक लांब पट्टी आईच्या हातापासून खाली गेलेली. मी आईच्या हाताभोवतीचा फास पाहिला आणि माझं डोकं फिरलं. ती पट्टी पुढे कुठे जाते हे पाहायला मी थांबले नाही. मी तशीच मागे फिरले, आणि घरी पोचायच्या आत अशोकदादाला फोन केला. ‘‘ताई आईला बांधून ठेवते.’’ हे शब्द माझे. नंतर मंडळीत ते फिरले तेव्हा कुणीतरी कुजबुजलं, कुणाला तरी कळलं, असं मी साळसूद चेहरा ठेवून ऐकत राहिले.

त्या रविवारी उपासना आटोपून तेव्हाचे पाळकसाहेब आणि अशोकदादा नाना पेठेत गेले. मीही गेले, साक्षीला. पाळकसाहेब भला माणूस होता, त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘‘सरोजबाई, वृद्ध मातेला बांधणं हे आपल्याला शोभतं का? मेंढपाळ काय मेंढराच्या गळ्यात दोर घालतो?’’ मला वाटलं, आता ताई बोलेल. ती पट्टी आणून दाखवेल, रडेल, निदान माझ्याकडे तरी पाहील. ताई म्हणाली, ‘‘साहेब, चहात साखर किती?’’ त्यांनी प्रार्थना केली, तिला सद्बुद्धी मिळावी म्हणून. आई मध्येच आमेन म्हणाली आणि पाळकसाहेबांना तिनं विचारलं, ‘‘तुम्ही कुणाकडे आलात?’’ ताई हसली. मला ते हसू तेव्हा कोडगं वाटलं होतं.

त्यानंतर एकदाच मी तिच्याशी भांडले, पण आईवरून नाही, देवावरून. आई तेव्हा पूर्ण अंथरुणाला खिळलेली नव्हती, पण अन्न गालात धरून बसायची. ताई एकेक घास भरवून तिचा गळा वरून खाली चोळायची. एका वाटी खिमटीला तास लागायचा. ते बघून मला राग आला. कुणाचा आला कोण जाणे, पण काढला तिच्या देवावर. म्हटलं, ‘‘तुझा मेंढपाळ कुठे आहे गं? आणि मेंढपाळाचं कौतुक मला नको सांगूस. बापूंच्या वावरात मीपण होते. तो मेंढरं सांभाळतो ती शेवटी खाटकाला द्यायलाच ना?’’ मला वाटलं, ही दुखावेल. ताईनं आईच्या ओठांच्या कडा पुसल्या. म्हणाली, ‘‘माहीत आहे मला, बेबी. पण तोवर त्यांच्या मागं दुसरं कोण चालतं?’’ याचा मला तिच्यावर अजून राग आहे. अकरा वर्षं जिच्या मागे कुणी चाललं नाही, तिनं हे मला ऐकवावं.

आई आठ महिन्यांपूर्वी गेली. भेटायला आलेल्या प्रत्येकानं ताईला सांगितलं, ‘‘सुटलीस बाई.’’ अशोकदादा म्हणाला, आता तू फिर, जग बघ. मीही म्हणाले, माझ्याकडे येऊन राहा आठ दिवस. आठ. मी आकडासुद्धा मोजूनमापून सांगितला. आमची शेवटची भेट झाली ती तिच्या जाण्याच्या महिनाभर आधी. ती मला सोडायला जिन्यापर्यंत आली आणि उजव्या हातानं डावं मनगट चोळत उभी राहिली. म्हणाली, ‘‘दुपारची झोपच लागत नाही गं आता. पडते, पण सारखं वाटतं, मला कळणारच नाही.’’ काय कळणार नाही, हे मी विचारलं नाही. मला स्वारगेटची बस गाठायची होती.

गेल्या आठवड्यात खोल्या रिकाम्या करायला मी गेले. अशोकदादानं यादी पाठवली होती, काय कुणाला द्यायचं त्याची. ताईचं असं फार काही नव्हतंच. चार साड्या, चष्मे, पेटीत टाकायच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा. आणि आईच्या पलंगाच्या पायाला गुंडाळून ठेवलेली ती पट्टी. स्वच्छ धुतलेली. मी ती सोडवून हातात घेतली. एका टोकाला शिवलेला मोठा फास होता, आतून कापूस भरून मऊ केलेला, इतका रुंद की माझा हात त्यातून सहज आरपार गेला. हे आईचं टोक, एवढं मला आठवत होतं. आई मनात येईल तेव्हा हात काढून घेऊ शकत होती. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. नुसतं कापड, पण वीतभर भाग गाठी बसून बसून चोळामोळा झालेला, दोरीसारखा कडक.

मंदाताई चहा घेऊन आल्या. मी त्यांना ते टोक दाखवलं. त्यांनी कप खाली ठेवला, माझा डावा हात ओढला आणि त्या टोकाची माझ्या मनगटाभोवती निरगाठ मारली, घट्ट, त्या काळ्या पट्ट्याच्या जागी. ‘‘अशी,’’ म्हणाल्या. ‘‘आई हात काढायच्या तेव्हा जरा हिसका बसायचा. तेवढ्यावर ती उठायची. आधी स्वतःच बांधायची एका हातानं. सैल राहायची, झोपेत निघून यायची. मग मला म्हणाली.’’ मी विचारलं, ‘‘रोज?’’

‘‘दोनला बांधायचे, चारला सोडायचे. सात वर्षं.’’

‘‘तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही.’’

‘‘तुम्ही कधी चारला आला नाहीत.’’

मी गाठ सोडायला लागले तर ती एका हातानं सुटेना. मंदाताईंनी साडीची पिन काढली आणि ती गाठीत घालून हळूहळू सैल करायला लागल्या, सवयीच्या हातानं. मी विचारलं, ताई तेव्हा काही बोलायची का. ‘‘बोलायची ना,’’ त्या गाठीवरची नजर न काढता म्हणाल्या. ‘‘म्हणायची, मंदा, देव मागून येतोय. मी म्हणायचे, मागून मी येतेय, मला संधिवात आहे, जरा हळू चाल.’’ मग त्यांचे हात थांबले. ‘‘त्या दिवशी सकाळी मी पावणेआठला दार वाजवलं. एरवी सातला वाजवते. गुडघा धरला होता...’’ मला त्यांना सांगायचं होतं की अकरा वर्षांच्या उशिरापुढे पाऊण तासाचं काय घेऊन बसलात. पण त्यांच्यासमोर ते सांगायची माझी लायकी नव्हती. चहा निवला तो तसाच प्यालो.

पट्टी मी घरी आणली आहे. अशोकदादाच्या यादीत ती नव्हती. मंडळीत मी अजून जाते, पण मेंढपाळाचं नाव निघालं की डोळे मिटत नाही, मान वळवून शेवटच्या बाकाकडे पाहते. तिथे कुणी नसतं. गेल्या रविवारी मी ताईच्या गठ्ठ्यातली एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर मंदाताईंचं नाव लिहिलं आणि ती पेटीत टाकली. पाळकसाहेबांनी ते वाचलं आणि कुणाकडे तरी प्रश्नार्थक पाहिलं, या कोण म्हणून. दुपारी जेवणं झाली, घर निजलं, की मी कपाटातून ती पट्टी काढते. ते कडक टोक मनगटाभोवती घेते आणि उजव्या हातानं, दातांनी, गाठ मारून बघते. ती बसते, पण सैल. हात जरा हलवला की निघून येते.